न पाहिलेल्या पानांचा हिशेब

आमच्या घरात पत्त्यांचा कॅट कधी आला नाही. दिवाळीत शेजारच्या ओट्यावर झब्बू नि बदाम सात रंगात यायचे, पण आम्हा भावंडांना तिथे बसण्याची मनाई असे. या मनाईमागची हकीकत आजी सांगते ती अशी. आजोबांना यात्रेत तीन पत्तीचा नाद लागला. हातात काही असो वा नसो, समोरच्याने चाल वाढवली की मागे सरायचे नाही, हा त्यांचा बाणा. पाने टाकून पॅक होणे त्यांना कमीपणाचे वाटे. डावात आपले पैसे आधीच पडले आहेत, ते सोडायचे कसे, असे ते म्हणत. या बाण्यापायी विहिरीलगतचा जमिनीचा तुकडा गेला. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्यातून धडा घेतला तो अगदी दुसऱ्या टोकाचा. बाजारात व्यापाऱ्याने कांद्याचा भाव पाडून सांगितला, की अण्णा मान हलवून माल घालून येतात. भावकीत कुणी आवाज चढवला, की ते बांध सोडून घरी येतात.

अशा घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. यंदा अर्थशास्त्राच्या तासाला अल्पाधिकाराचे प्रकरण चालू असताना सरांनी फळ्यावर एक नाव लिहिले, जॉन फॉन नॉयमन. मोजके विक्रेते असलेल्या बाजारात प्रत्येकाला दुसऱ्याच्या चालीचा अंदाज घेऊन आपली चाल ठरवावी लागते. या विचाराचे शास्त्र ज्याने उभे केले, त्याने त्यासाठी पोकर या पत्त्यांच्या जुगाराचा अभ्यास केला होता, असे सरांनी सांगितले. वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. ज्या जातीच्या खेळाने आमची जमीन नेली, त्यातून एक थोर गणिती काय शिकला हे मला समजून घ्यायचे होते. पुढचे काही महिने ग्रंथालयात बसून जे वाचले, त्यातून मला उमजलेला हा माणूस आहे.

यानोश नॉयमन यांचा जन्म 28 डिसेंबर 1903 रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरात, एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील मिक्शा हे बँकेच्या व्यवसायात होते. तिघा भावांत यानोश थोरले. 1913 मध्ये वडिलांना सरदारकी मिळाली आणि तिचीच खूण म्हणून पुढे जर्मनीत मुलाच्या नावाला ‘फॉन’ जोडले गेले. अमेरिकेत गेल्यावर यानोशचे जॉन झाले. शाळेत गणिताचे शिक्षक लास्लो राट्स यांनी मुलाची चमक ओळखली आणि विद्यापीठातील गणितज्ञांकडून त्याला वेगळे शिक्षण मिळेल अशी तजवीज केली. पुढे 1963 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे युजीन विग्नर त्याच शाळेत त्यांच्या एक वर्ष पुढे होते. नॉयमन यांचा पहिला शोधनिबंध 1922 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांना एकोणीस पुरे व्हायचे होते. हे वाचले आणि माझे एकोणिसावे वर्ष मला फार रिकामे वाटू लागले.

पण त्या घरालाही पुढे दिवस फिरल्याचा अनुभव आला. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य मोडले. 1919 मध्ये बेला कुन यांचे साम्यवादी सरकार आले, तेव्हा नॉयमन कुटुंब काही काळ ऑस्ट्रियात जाऊन राहिले. 1920 मध्ये विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करणारा कायदा हंगेरीत झाला. त्यातच वडिलांना वाटे, की गणिताने पोट भरत नाही, मुलाने काही उपयोगाचे शिकावे. आमच्याकडे हा प्रश्न मराठी वाङ्मय की डी. एड. अशा रूपात येतो, त्यांच्याकडे तो गणित की रसायन असा आला. नॉयमन यांनी वडिलांना नकार दिला नाही आणि गणितही सोडले नाही. बर्लिनला व नंतर झुरिकला रासायनिक अभियांत्रिकी शिकत असतानाच त्यांनी बुडापेस्टच्या विद्यापीठात गणितासाठी नाव घातले आणि तिथे ते मुख्यतः परीक्षांपुरते जात राहिले. 1926 मध्ये त्यांनी झुरिकची पदविका आणि बुडापेस्टची गणितातील डॉक्टरेट, दोन्ही मिळवल्या. अडवणूक झाली असता काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, याची समज त्यांना लवकर आली होती असे मला वाटते.

त्याच वर्षी 7 डिसेंबर रोजी गटिंगेन येथील गणित मंडळापुढे त्यांनी खेळांविषयी एक निबंध वाचला आणि तो 1928 मध्ये छापून आला. फ्रान्सचे एमिल बोरेल यांनी या विषयाला आधी हात घातला होता, परंतु मुख्य सिद्धान्त सिद्ध केला तो नॉयमन यांनी. गणिताची भाषा मला झेपली नाही. पण आपला एकी-बेकीचा खेळ घेतला की मुद्दा कळतो. मुठीत चिंचोके घेऊन मी दर वेळी एकीच धरली, तर समोरची मैत्रीण दोन-चार डावांत ते ओळखते आणि मला लुटते. एकदा एकी, एकदा बेकी असा क्रम धरला, तर तोही ती ओळखते. निम्म्या वेळा एकी आणि निम्म्या वेळा बेकी, तीही कोणत्याही क्रमाशिवाय धरली, तरच तिची हुशारी माझ्यापुढे चालत नाही. एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा अशा दोघांच्या प्रत्येक खेळात, जर चाली मोजता येण्याजोग्या असतील, तर असे योग्य मिश्रण असतेच, हे नॉयमन यांनी सिद्ध केले. समोरचा कितीही तरबेज असो, ते मिश्रण पाळणाऱ्याचे सरासरी नुकसान एका ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही.

1930 मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले आणि 1933 मध्ये तिथल्या नव्या उच्च अध्ययन संस्थेत प्राध्यापक झाले. आइनस्टाइनही त्याच संस्थेत होते. नॉयमन मात्र आपल्या मनातल्या विसराळू शास्त्रज्ञासारखे नव्हते. नेहमी सुटात असत. घरी मेजवान्या देत, गोंगाटातही गणित करू शकत आणि मोटार इतकी वाईट चालवत की अपघात नित्याचे झाले होते. 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा व्हिएन्नातील पद गमावलेले अर्थशास्त्रज्ञ ओस्कार मॉर्गेनस्टर्न प्रिन्स्टनला आले. या दोघांच्या सहकार्यातून 1944 मध्ये खेळांचा सिद्धान्त आणि आर्थिक वर्तन या विषयावरचा सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ तयार झाला. आमच्या अभ्यासक्रमात आलेला खेळ सिद्धान्त ही त्याचीच वंशवेल.

त्या ग्रंथात पोकरवर एक सविस्तर भाग आहे. नॉयमन यांनी खेळ सोलून त्याचा गाभा तेवढा ठेवला. दोनच खेळाडू, आणि प्रत्येकाचे पान म्हणजे फक्त एक आकडा. दोघांनी बोली करायची, मोठी किंवा लहान. एकाची मोठी व दुसऱ्याची लहान झाली, तर लहान बोलीवाल्याने ठरवायचे की तेवढी भर घालून पाने पाहायची, की आहे ते सोडून द्यायचे. उत्तर असे निघाले, की उत्तम पानांवर मोठी बोली करावीच, पण वाईट पानांवरही ती कधीमधी करावी. थापेबाजी हा पोकरमधला स्वभावदोष समजला जाई, ती गणितातूनच निघाली. आणि तिच्या जोडीला दुसरी गोष्ट निघाली, जी मला अधिक मोलाची वाटते. मोठी बोली ऐकून नेहमी पाने टाकणारा जसा लुटला जातो, तसाच कधीही न टाकणाराही लुटला जातो. किती वेळा टाकायचे आणि किती वेळा उभे राहायचे, याला प्रमाण आहे.

आज जगभर खेळल्या जाणाऱ्या टेक्सास होल्डेम या प्रकारात हे प्रमाण फार स्पष्ट दिसते. त्याची जगज्जेतेपदाची स्पर्धा 1970 साली, म्हणजे नॉयमन यांच्या मृत्यूनंतर सुरू झाली, त्यामुळे पुढचा हिशेब त्यांच्या ग्रंथातला नव्हे. पण त्यामागचा विचार त्यांच्याच वाटेने आलेला आहे. तो समजावा म्हणून वसतिगृहातल्या मैत्रिणींबरोबर मी हा खेळ चिंचोके लावून खेळून पाहिला. आजीने हे वाचून घेतले तर तिने एवढे लक्षात घ्यावे, की चिंचोक्यांखेरीज काही लावलेले नाही.

या खेळात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि पुढे मधे मांडलेली पाच पाने सर्वांना सामाईक असतात. पाने वाटणाऱ्याच्या डावीकडच्या पहिल्या दोघांना आपली पाने पाहण्याआधीच सक्तीने पैसे लावावे लागतात. पहिल्याचे ते स्मॉल ब्लाइंड, दुसऱ्याचे त्याच्या दुप्पट, बिग ब्लाइंड. आपल्या तीन पत्तीत पाने न पाहता खेळण्याला ब्लाइंड म्हणतात. तिथे तो मर्जीचा मामला आहे, इथे ती पाळी आहे आणि ती आळीपाळीने सर्वांवर येते. समजा लहान ब्लाइंड 5 चिंचोक्यांचे, मोठे 10 चे. मोठ्या ब्लाइंडनंतर लगेच बोलणाऱ्याने बोली वाढवून 30 केली आणि बाकी सर्वांनी पाने टाकली. आता मोठ्या ब्लाइंडवाल्यापुढे प्रश्न आहे, की टाकायचे की उभे राहायचे.

मधे 45 चिंचोके पडले आहेत आणि त्याला आणखी 20 घालायचे आहेत. घातले तर एकूण 65 होतात. 20 ला 65 ने भागले तर सुमारे 31 टक्के. म्हणजे शंभरात एकतीस डाव जिंकण्याची शक्यता असली तरी वरवर पाहता भरपाई होते. इतका स्वस्त भाव टेबलावर दुसऱ्या कुणालाच मिळत नाही, कारण त्याचे 10 आधीच आत आहेत. उलट बाजूनेही पाहावे. बोली वाढवणारा 15 मिळवण्यासाठी 30 लावतो. सगळ्यांनी मिळून तीनपैकी दोनांहून अधिक वेळा पाने टाकली, तर त्याच्या हातात काहीही असले तरी त्याचा फायदाच होतो. म्हणून उठसूट टाकणे परवडत नाही.

पण हिशेब इथे संपत नाही. ज्याने सर्वांआधी बोली वाढवली, त्याच्या मागे सारे टेबल बोलायचे बाकी होते. इतक्या जणांपुढे जो धाडस करतो, त्याच्या हातात बहुधा खरेच काही असते. त्याची थाप पकडण्याची जबाबदारी एकट्या मोठ्या ब्लाइंडवर नसते, ती मागच्या सर्वांत वाटलेली असते. शिवाय सामाईक पाने उघडू लागली, की प्रत्येक फेरीत मोठ्या ब्लाइंडवाल्याला या माणसाच्या आधी बोलावे लागते, म्हणजे त्याची चाल पाहण्याआधी आपली उघडी करावी लागते. त्यामुळे 31 टक्क्यांचा तो भाव दिसतो तितका स्वस्त राहत नाही. शेवटी बोलणाऱ्याने बोली वाढवली असता ज्या पानांवर उभे राहावे, त्यांतली पुष्कळ इथे टाकावी लागतात. वेगवेगळ्या रंगांची एक्का आणि सत्ती ही पाने नवख्याला मोठी वाटतात. पण समोरच्याकडे एक्का आणि राजा असण्याचा संभव बराच असतो आणि मग एक्का उघडूनही आपण हरतो, तेही जास्त हरतो. उलट सत्तीची जोडी किंवा एकाच रंगाची नव्वी-दश्शी दिसायला साधी असतात. ती बहुतेक वेळा फुकट जातात, पण जमली तर पुरते जमते आणि समोरच्याला त्याचा सुगावा लागत नाही. मोठ्या बोलीपुढे आपले मोठे दिसणारे पान मोठे असतेच असे नाही, हे मी चिंचोके हरून शिकले.

आणि आजोबांची चूक मला इथेच सापडली. आत पडलेले 10 आता कुणाचेच नाहीत. ते वाचवायचे म्हणून खेळू नये. त्यांचा उपयोग एवढाच, की पुढे जाण्याचा भाव त्यांनी उतरवलेला असतो. आजोबा गेलेल्या पैशांकडे पाहत राहिले. अण्णा पुढचा भाव न विचारताच उठून जातात.

सिद्धान्ताचा हा जनक स्वतः पोकर कसा खेळे? बेताचाच. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामोस येथे अणुबॉम्बच्या कामावर असलेले शास्त्रज्ञ फावल्या वेळी पोकर खेळत. तिथे निकोलस मेट्रोपोलिस यांनी नॉयमन यांच्याकडून दहा डॉलर जिंकले, त्यांतल्या पाचांत त्यांचाच ग्रंथ विकत घेतला आणि उरलेले पाच विजयाची खूण म्हणून पुस्तकाच्या आत चिकटवले, अशी आठवण त्यांचे गणिती मित्र स्टॅनिस्लाव उलाम यांनी नोंदवली आहे. नियम शोधणे वेगळे आणि टेबलावर बसून पाळणे वेगळे.

लॉस अलामोसचे नाव घेतले की या चरित्राची काळी बाजू टाळता येत नाही. नागासाकीवर 9 ऑगस्ट 1945 रोजी टाकलेल्या बॉम्बमध्ये स्फोटाचा दाब आतल्या दिशेने वळवण्याची जी युक्ती होती, तिच्या गणितात नॉयमन यांचा मोठा वाटा होता. कोणत्या शहरांवर बॉम्ब टाकावा हे सुचवणाऱ्या समितीतही ते होते आणि क्योटो या प्राचीन शहराच्या बाजूचे होते. युद्धमंत्री स्टिमसन यांनी ते नाव यादीतून काढले. युद्धानंतर सोव्हिएत संघावर आपणच आधी हल्ला करावा, असेही त्यांचे मत होते. मला वाटते, इथे त्यांच्या गणिताने त्यांना दगा दिला. एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा हे पत्त्यांच्या टेबलावर खरे आहे. राष्ट्रांचे, भावकीचे, बाजाराचेही तसेच असते असे नाही. पुष्कळदा दोघेही जिंकतात, आणि अणुयुद्धात तर दोघेही हरतात. अशा खेळांचा विचार जॉन नॅश यांनी 1950 च्या सुमारास पुढे नेला आणि त्यासाठी त्यांना 1994 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

नॉयमन यांचे दुसरे मोठे काम संगणकाचे. आज्ञा आणि माहिती दोन्ही यंत्राच्या एकाच स्मृतीत ठेवावीत, हा आराखडा त्यांनी 1945 मध्ये लिहून काढला आणि आजचे बहुतेक संगणक मुळात त्याच आराखड्यावर चालतात. 1952 मध्ये त्यांच्या संस्थेतला संगणक पूर्ण झाला. 1955 मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांना कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. 1956 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते त्यांनी पदक स्वीकारले ते चाकांच्या खुर्चीत बसून. शेवटच्या महिन्यांत मृत्यूचे भय त्यांना फार छळत होते. श्रद्धेची फारशी सवय नसलेल्या या माणसाने रुग्णालयात कॅथलिक धर्मगुरूला बोलावून घेतले, तरी भय सरले नाही असे जवळच्यांनी लिहून ठेवले आहे. 8 फेब्रुवारी 1957 रोजी वॉशिंग्टन येथे, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले. संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारी त्यांची अपुरी व्याख्याने 1958 मध्ये पुस्तकरूपाने आली.

त्यांची दोन कामे पुढे एकत्र आली. 2015 मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांनी खेळायच्या, ठरावीक बोलीच्या होल्डेमचा जवळजवळ पूर्ण उलगडा संगणकाकडून करून घेतला. 2019 मध्ये सहा जणांच्या खेळात संगणकाने नावाजलेल्या खेळाडूंना हरवले. 1928 मध्ये कागदावर मांडलेले योग्य मिश्रण आता यंत्रे शोधून काढतात.

हे सर्व वाचत असताना मला सारखी मागच्या उन्हाळ्याची आठवण येत होती. प्रथम वर्षाला मला गुण बेताचे पडले. भावकीची बैठक होती. थोरले चुलते सर्वांआधी नि सर्वांत मोठ्याने बोलले, की पोरीच्या शिक्षणात पैसा बुडाला, आता पुरे करा. चुलते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या हातात खरेच पाने होती, माझे गुणपत्रक, आमच्यावरचे कर्ज आणि बहिणीचे लग्न. अण्णांनी मान खाली घातली. मीही त्या दिवशी गप्प बसले आणि कसेबसे दुसऱ्या वर्षाला आले ते आईने आपल्या बचत गटातून पैसे काढले म्हणून.

या दिवाळीत तोच विषय पुन्हा निघाला. यावेळी माझ्याजवळ कागद होता. गेलेल्या दोन वर्षांची फी त्यावर मी लिहिलीच नव्हती, कारण ती आत पडलेली आहे, तिच्यासाठी रडायचे नाही आणि तिच्यासाठी अडायचेही नाही. पुढच्या एका वर्षाची फी, एस. टी. चा पास, पुस्तके आणि खानावळ यांची बेरीज एका बाजूला होती. पदवी हाती आल्यावर कोणकोणत्या परीक्षांना बसता येईल, हे दुसऱ्या बाजूला. पाने माझी मोठी नाहीत हे मी चुलत्यांना आधीच सांगून टाकले. पण पुढे जाण्याचा भाव एवढाच आहे आणि एवढ्या भावाला उठून जाणे चुकीचे ठरेल, हे मी त्यांना आवाज न चढवता सांगितले. चुलते काही वेळ कागद पाहत राहिले आणि मग त्यांनी कांद्याचा विषय काढला.

अण्णा त्यावर काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले, तेव्हा पासाचे पैसे माझ्या पिशवीत ठेवलेले होते. आणि तो कागद त्यांनी घडी करून आपल्या बंडीच्या खिशात ठेवला होता. आठवड्याने त्यांना कांदा घेऊन बाजारात जायचे होते.